साडेचारशे वॅट

भिशी लागली तेव्हा आई म्हणाली,
फ्रिज अजून एक उन्हाळा ओढेल.
एवढंच.
पस्तीस हजार, रबर लावून,
माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात.

यादी मी बारावीपासून लिहीत होते
अकाउंटन्सीच्या वहीच्या मागच्या पानावर,
खोडून, परत लिहून, पानाला भोक पडेपर्यंत.
प्रोसेसर वाढवला की बोर्ड घसरायचा,
बोर्ड सावरला की रॅमची एकच कांडी उरायची.
ताळेबंद जुळायचा तो फक्त
मॉनिटर नसलेल्या कॉम्प्युटरचा.

कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गाळ्यात
पारस छाजेडने विचारलं, रोजचं काम काय?
रोजचं काम: आईचा भिशीचा हिशेब,
बाबांचा पीएफचा फॉर्म, तीनदा परत आलेला,
माझं टॅली.
आणि गेम, मी म्हटलं,
जरा हळू,
कारण बाबा शेजारी उभे होते
आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे
कॉलेज रोडच्या त्या तळघरात
तासाला चाळीस रुपये देऊन मी टायपिंग शिकत होते.

त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.
ते एक डबा हातात घेऊन बघत होते.
सातशे रुपयांचा पॉवर सप्लाय,
वर ठळक छापलेलं: पाचशे वॅट.
"हलका आहे."
काका, सगळ्यांकडे हाच चालतो, पारस म्हणाला.
"भरताचं वांगं हलकं बघून घ्यावं. हे नाही.
यात तांबं नाहीये."

एकतीस वर्षं सातपूरला
ट्रान्सफॉर्मरची वायंडिंग केलेला माणूस.
ग्राफिक कार्ड म्हटलं की त्याला
लग्नपत्रिकेसारखं काहीतरी वाटतं.
डाव्या अंगठ्याला गरम-थंड कळत नाही आता,
पण हाताला वजन कळतं.

जड निघाला तो साडेचारशे वॅटचा.
खोटं कमी बोलतो, बाबा म्हणाले.
तीन हजार दोनशे पन्नास.
तिथेच माझ्या यादीतली काच गेली,
रंगीत दिव्यांचे पंखे गेले,
आणि सेकंडहँड कार्ड, ज्याचं नाव मी
झोपेतही बरोबर सांगितलं असतं, तेही.
चित्रं काढायची सोय प्रोसेसरच्या पोटातच असते,
पारस समजावत होता,
तेवढ्यावर भागव, बोर्डवर जागा आहे, पुढे बघ.
त्र्यंबक नाक्यापर्यंत मी रिक्षात
एक शब्द बोलले नाही.

संध्याकाळी सतरंजीवर सगळं पसरलं.
पेस्ट वाटाण्याएवढी लावायची.
"म्हणजे आमचं ग्रीसच की."
एक स्क्रू सोफ्याखाली गेला, आईला सापडला,
तिने तो मंगळसूत्राची वाटी सापडावी तसा
पदराने पुसून दिला.
बटण दाबलं. पंखा फिरला.
पडदा काळा.
मी घामाघूम. पस्तीस हजार. फ्रिज.
"ती कांडी नीट दाब. तुटत नाही.
यंत्राला भिऊन हात लावला की ते बसत नाही."
टक्.

उरले नऊशे.
त्यांत बाबांनी अर्थिंग करून घेतलं,
म्हणजे मजुराचे खड्ड्यापुरते दिले,
कोळसा-मीठ आणलं, तार स्वतः ओढली.
शेजारचे अहिरराव विचारत होते, बोअर घेताय का?

आता रात्री मी खेळते,
सगळं कमीत कमीवर ठेवून.
झाडांना पानं मोजकी,
नदी प्लॅस्टिकसारखी,
घोडा पळतो तेव्हा खाली काहीच पडत नाही.
परवा बाबा मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ.
टायपिंगबद्दल काही नाही.
म्हणाले, "या गावात कुणालाच सावली कशी नाही?"
त्याला कार्ड लागतं, मी म्हटलं.

रविवारी त्यांनी कॅबिनेटची बाजू उघडली,
धूळ काढायला म्हणून.
बॅटरी तोंडात धरून, कारखान्यातली ती
शून्य झिजलेली स्टीलची पट्टी
त्या लांब रिकाम्या खाचेला लावली,
डोळे बारीक करून आकडा वाचला
आणि शर्टाच्या खिशातल्या डायरीत
लिहून ठेवला.
मला दाखवला नाही.